सर्टिफिकेट कोर्स, कर्ज आणि पगार : एक हिशेब

बारावीचा निकाल लागला की रविवारच्या वंदनेनंतर विहारात पालक आम्हाला गाठतात. हातात एखादे रंगीत माहितीपत्रक असते. पांढरा कोट घातलेल्या मुलीचे छायाचित्र, खाली ‘एक वर्षात वैद्यकीय सहाय्यक, शंभर टक्के नोकरी’ असा मजकूर आणि शेवटी बारीक अक्षरांत फी. “साहेब, बँक कर्ज देईल का?” एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आम्ही बँकेत कारकून असल्याने तो आम्हाला विचारला जाणे साहजिक आहे. परंतु त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. हे कर्ज त्या पगारातून फिटेल का? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शिक्षणासाठी कर्ज काढणे वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेतली ती दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. पुढे 1920 साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते लंडनला गेले, तेव्हा नवल भथेना या मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये उसने घेतले होते. मात्र ज्या पदव्यांसाठी त्यांनी हा भार उचलला, त्यांची किंमत जगात मान्य होती. आपल्या मुलीच्या हाती पडणाऱ्या कागदाची किंमत कोण मान्य करतो, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

कागदाची किंमत

दवाखान्यात काम करणारे सगळेच ‘सिस्टर’ नसतात. दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केला, की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. ही नोंदणी असेल तरच घाटीसारख्या शासकीय रुग्णालयातील किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील परिचारिकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो. सहा महिने वा वर्षभराच्या ‘सहाय्यक’ प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही. त्यावर खासगी दवाखान्यात रुग्णसेवेचे काम मिळते. ते काम मानाचेच आहे. पण त्याचा पगार वेगळा आणि बढतीची वाटही अरुंद.

आमच्या परिचयातील एका मुलीने अशाच एका संस्थेतून प्रमाणपत्र घेतले. शासकीय भरतीची जाहिरात आली तेव्हा नोंदणी क्रमांकाचा रकाना तिला कोरा सोडावा लागला. आईने गहाण ठेवलेले गंठण तोवर सुटलेले नव्हते.

आकडे काय सांगतात

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी मुलगी बारावीनंतर दुकानात दरमहा 8 हजार रुपये मिळवते. तिने नोकरी सोडून एक वर्षाचा कोर्स केला. त्याचा सर्व खर्च 1 लाख, आणि तो पूर्ण कर्जाने, 11 टक्के दराने. कोर्सचे एक वर्ष व नंतरचे सहा महिने हप्ता नाही. पण या दीड वर्षाचे सरळ व्याज 16,500 रुपये होते. म्हणजे परतफेड 1,16,500 रुपयांवर सुरू होते. पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता येतो सुमारे 2,533 रुपये.

कोर्सनंतर तिला 11 हजारांची नोकरी लगेच मिळाली असे धरू. वाढ झाली 3 हजारांची. हप्ता जाता हाती उरतात 467 रुपये. शिवाय कोर्सच्या वर्षात बुडालेला 96 हजारांचा पगार कोणी हिशेबात धरत नाही. सवलतीच्या सहा महिन्यांतील 18 हजार आणि पाच वर्षांतील 28 हजार मिळून 46 हजार भरून निघतात. उरलेले 50 हजार भरण्यास आणखी सतरा महिने लागतात. प्रवेश घेतल्यापासून जवळजवळ आठ वर्षांनी ती मूळ जागी येते! हेच शिक्षण विनाशुल्क मिळाले, तर बुडालेला पगार नोकरी लागल्यापासून 32 महिन्यांत भरून निघतो. आणि पगारातील वाढ हप्त्यापेक्षा कमी असेल, तर तो कोर्स घराला तोट्यातच नेतो.

काही ठिकाणी संस्थेच्या कार्यालयातच फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. ‘फक्त बारा टक्के’ असे तो सांगतो, पण दर फ्लॅट असतो. 60 हजारांवर दोन वर्षांचे 14,400 रुपये व्याज आधीच मिळवून 3,100 रुपयांचे चोवीस हप्ते पाडले जातात. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर! बँकेच्या पद्धतीने मोजल्यास हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

कर्जाआधीचे मार्ग

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांतील विद्यार्थ्यांना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावयाचा असतो. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा, आणि प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ जातो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. रुग्णसेवा सहाय्यकाचे प्रशिक्षण 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली विनाशुल्क दिले गेले आहे. पैसे भरण्यापूर्वी तशी तुकडी जवळपास आहे का, हे विचारावे.

एवढे करूनही कर्ज लागलेच, तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी, नंतर राष्ट्रीयीकृत बँकेत यावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिल्यास अनेक बँका दरात सूट देतात. हप्ते थकले तर त्याची नोंद मुलीच्या नावावर होते, तशीच सहकर्जदार पालकाच्याही नावावर होते, हे विसरू नये.

सही करण्यापूर्वी संस्थेला चार प्रश्न लेखी विचारावेत. मान्यता कोणाची? नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते? गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनी कोठे व किती पगारावर लागल्या? मध्येच सोडल्यास फी परत मिळते का? उत्तर देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिचे माहितीपत्रक घरी आणू नये.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली : अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख. त्यांतील अनणसुख म्हणजे कोणाचे देणे नसण्याचे सुख. आपल्या मुलींनी शिकावे, पांढरा कोट जरूर घालावा. पण त्याच्या खिशात वीस वर्षांच्या वयात थकलेल्या हप्त्याची नोटीस नसावी. म्हणून माहितीपत्रक हाती आले की आधी कागद-पेन्सिल घ्या. हिशेब जमत नसेल तर रविवारी विहारात या, आपण मिळून मांडू.

जय भीम!