ताशी तीसची व्होल्वो

स्टॉकहोम : व्होल्वो म्हटलं की मराठी वाचकाला मुंबई-पुणे मार्गावरची वातानुकूलित बस आठवते. स्वीडनच्या खेड्यापाड्यांत मात्र या नावाची वेगळीच गाडी दिसते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मोटार, पुढचा भाग जसाच्या तसा. ड्रायव्हरच्या पाठीमागचं छत कापून टाकलेलं, त्या जागी लाकडी फळ्यांचा किंवा पत्र्याचा हौदा. मागे मंदगती वाहनाचा लाल-नारिंगी त्रिकोण आणि स्टिअरिंगवर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, नाहीतर मुलगी. ताशी तीस किलोमीटरच्या वर ही गाडी जात नाही, निदान कायद्यानं जाऊ नये. कागदोपत्री ती मोटार नाहीच, ट्रॅक्टर आहे. लोक तिला ‘एपा’ म्हणतात. डालार्नात, वेर्मलंडात, उत्तरेकडच्या नॉरलंडात शुक्रवारी संध्याकाळी गावच्या पेट्रोल पंपावर अशा गाड्यांचा मेळा जमतो. शहरी माणसाला त्यांच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांचा त्रास होतो, जुन्या गाड्यांच्या शौकिनाला ती चांगल्या गाडीची कत्तल वाटते, आणि रस्ता सुरक्षा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात अपघात दिसतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही यंत्र उघडून बघायची आणि आपल्या हातानं बदलायची सामान्य माणसाची सवय या कापलेल्या गाड्यांनी टिकवली, आणि ते काम कुठल्याही संग्रहालयाला जमलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. आज या गाड्यांवरून जो वाद पेटला आहे त्याचं मूळ गाडी कापण्यात नाही. ती कापण्याची, घडवण्याची गरज जवळपास संपली, तिथे ते आहे.

हे समजायला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीनं डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि तटस्थ स्वीडनचा पश्चिमेकडचा समुद्रमार्ग जवळपास बंद झाला. बाहेरून येणारं पेट्रोल आटलं. शेतकऱ्याला ट्रॅक्टर मिळेना. घोड्यावर शेती करणाऱ्यांचा हा देश त्या वेळी यांत्रिकीकरणाच्या उंबरठ्यावर होता. मग गावच्या लोहारांनी आणि शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी धरल्या, त्यांत फोर्डची मॉडेल टी आणि मॉडेल ए होत्या, मोठ्या अमेरिकन सलूनही होत्या. मागचा भाग कापला, चॅसिस आखूड केली, एका गिअरबॉक्समागे दुसरा जोडला, ट्रकचा मागचा ॲक्सल बसवला. वेग मेला आणि ओढ वाढली. नांगर ओढायला तेच हवं होतं. कितीतरी गाड्या लाकूड जाळून मिळणाऱ्या गॅसवर चालत. सरकारनं 1940 सालीच या घरगुती ट्रॅक्टरांना कायद्यात जागा करून दिली. ‘एपा’ हे त्या काळच्या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीचं नाव. ही साखळी 1930 मध्ये निघाली होती, आणि तिथला माल म्हणजे हलक्यातला, असा लोकांचा समज होता. तेच नाव या ट्रॅक्टरला चिकटलं. युद्ध संपलं, राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर गावोगाव आले आणि एपाचं शेतातलं काम गेलं. कायद्यातली जागा मात्र राहिली. मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, या ट्रॅक्टरला तो लागत नाही, हे खेड्यातल्या पोरांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पन्नासच्या दशकापासून एपा ही तरुणांची गाडी झाली.

यंत्र म्हणून ती कशी आहे, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. एपासाठी सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे व्होल्वो ड्युएट. 1953 ते 1969 या काळात निघालेली ही गाडी आठवडाभर माल वाहायची आणि रविवारी कुटुंबाला फिरवून आणायची. तिच्या काळातल्या इतर व्होल्वो मोटारींचा पत्रा आणि सांगाडा एकजीव होता. त्यांचं छत कापलं की अंगातला ताठरपणा जातो. ड्युएटला मात्र ट्रकसारखी स्वतंत्र चॅसिस होती. वरचा डबा कापा, हौदा बसवा, खालचा कणा शाबूत. पुढे ड्युएट दुर्मीळ झाल्या आणि त्यांची जागा 240 या मॉडेलनं घेतली. ही चौकोनी, दणकट गाडी 1974 ते 1993 पर्यंत सुमारे 28 लाख निघाली. तिला स्वतंत्र चॅसिस नाही, म्हणून छत कापल्यावर ड्रायव्हरच्या मागे नवी भिंत उभी करून खिडकी बसवावी लागते, तळाला चौकोनी नळ्यांचा आधार वेल्ड करावा लागतो. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मध्ये लांब शाफ्ट, अशी तिची रचना. म्हणून जुन्या पद्धतीनं दुसरा गिअरबॉक्स घालायचा तर शाफ्ट कापून, नव्या मापानं जोडून, समतोल साधून परत बसवायचा. समतोल चुकला तर गाडी थरथरते आणि सांधे तुटतात. पंधराव्या वर्षी हे सगळं गॅरेजमध्ये बाप, काका किंवा शेजारच्या मेकॅनिकच्या हाताखाली शिकायचं. मग पुट्टी, रंग, हौद्याला फळ्या, मागे फाळका, ओढायचा हूक. हूक लागतोच, कारण ट्रॅक्टर आहे. शेवटी गाडी पासिंगला न्यायची. तपासणी केंद्रात शेरा बसला की मोटारीचा ट्रॅक्टर होतो.

पिकअप ही कल्पना काही स्वीडनची नाही. मोटारीच्या तोंडाची आणि ट्रकच्या पाठीची गाडी फोर्डनं ऑस्ट्रेलियात गीलाँगच्या कारखान्यात 1934 मध्ये काढली, आणि अमेरिकेत 1957 ची रँचेरो व 1959 ची शेव्हरोले एल कमिनो त्याच जातीच्या. पण त्या कारखान्यातून तयार होऊन आल्या. अमेरिकेत आज जुन्या गाड्यांचे जे देखणे पिकअप होतात, त्यांच्यामागे हौस असते आणि बहुधा बराच पैसाही. स्वीडनचं वेगळेपण असं की इथे हे काम गरजेतून, कमी पैशात, अल्पवयीन मुलांच्या हातून आणि कायद्याच्या चौकटीत पिढ्यान् पिढ्या होत आलं. ज्या 240 गाड्या एरवी भंगारात गेल्या असत्या त्यांना त्यामुळे गिऱ्हाईक राहिलं. गिऱ्हाईक राहिलं म्हणून सुटे भाग राहिले, आणि त्या गाड्यांचं कार्ब्युरेटर लावून देणारी, गिअरबॉक्स खोलणारी माणसं राहिली. अस्सल स्थितीतली व्होल्वो जपणाऱ्या संग्राहकालाही शेवटी त्याच माणसाकडे जावं लागतं.

इथे शौकिनांचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ड्युएट आज दुर्मीळ आहे त्याचं एक कारण तिचे झालेले एपाच आहेत. एकदा कापलेलं छत पुन्हा मूळ होत नाही. पुढच्या पिढीनं अस्सल ड्युएट कुठे पाहायची? माझ्या मते ज्या थोड्या गाड्या खरोखरच मूळ स्थितीत, मूळ रंगात, मूळ बैठकीसह उरल्या आहेत त्यांना करवत लावू नये, इथवर हा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. पण पडवीत पडून मडगार्ड गंजलेली, तळ सडलेली 240 कापली तर इतिहासाचं नुकसान होतं, हे मला पटत नाही. आणि पन्नास वर्षांपूर्वी कापलेली ड्युएट हाही आता इतिहासच आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची 2013 ची तुरीन सनद आहे. रस्त्यावरचा वापर हा जतनाचाच भाग, असा तिचा रोख आहे. एपा कापलेली असेल, पण ती रस्त्यावर आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुण्या मुलानं फावल्या वेळात घातलेला दुसरा गिअरबॉक्स काढून टाकून, नवं छत वेल्ड करून तिला पुन्हा ‘मूळ’ करणं, हीदेखील मला एका इतिहासाची पुसापुशीच वाटते.

सुरक्षेचा आक्षेप याहून गंभीर आहे. तीन बिंदूंचा सीटबेल्ट 1959 मध्ये व्होल्वोनंच जगाला दिला, नील्स बोहलीन या अभियंत्यानं तो घडवला. रस्त्यावर कुणी मरू नये वा गंभीर जखमी होऊ नये हे ध्येय, ‘शून्य दृष्टी’ या नावानं, स्वीडनच्या संसदेनं 1997 मध्ये मान्य केलं. त्याच देशात पंधरा वर्षांची मुलं जुन्या गाडीत, बेल्टविना, कधी हौद्यात मित्र बसवून हिंडत होती. शिवाय फसवणुकीची वाट जुन्या एपाच्या रचनेतच होती. दुसरा गिअरबॉक्स सरळ गतीवर टाकला की ट्रॅक्टर परत मोटारीच्या वेगानं पळे. म्हणून 1975 मध्ये सरकारनं एपा बंद करायचं ठरवलं. खेड्यांतून इतका विरोध झाला की तडजोड निघाली. जुन्या एपा राहिल्या आणि नव्या बांधणीसाठी ‘ए-ट्रॅक्टर’ हा अधिक काटेकोर वर्ग आला. लोकांच्या तोंडी नाव एपाच राहिलं. हा इतिहास पाहता, ‘वेगाची चोरी पूर्वीपासून आहे, मग हाताच्या कौशल्याचं कौतुक कशाला’ असं कुणी विचारलं तर ते रास्त आहे.

पण 2020 साली काय झालं ते पाहायला हवं. त्या उन्हाळ्यात नियम सैल झाले आणि वेग रोखण्याचे नवे, इलेक्ट्रॉनिक मार्ग मान्य झाले. आता शाफ्ट कापायला नको, दुसरा गिअरबॉक्स नको. स्वयंचलित गिअरची, अगदी अलीकडची मोटार घ्यायची, मागची सीट काढायची, वेगाची मर्यादा संगणकात घालायची, की झाला ट्रॅक्टर. पाहता पाहता या गाड्यांची संख्या दुपटीनं वाढून 50 हजारांच्या घरात गेली, आणि तिच्याबरोबर जखमींची संख्याही वाढली. संगणकात घातलेली मर्यादा संगणकातूनच काढता येते, त्याला पाना लागत नाही. गॅरेजमध्ये महिनोन् महिने घालवून गाडी बांधणाऱ्या मुलाला तिचा ब्रेक किती धरतो, ती कुठे सैल आहे, हे ठाऊक असतं. आपल्या श्रमांची गाडी खड्ड्यात घालताना त्याचा हात थोडा तरी अडखळतो. तयार घेतलेल्या गाडीबद्दल हे म्हणता येत नाही. अपघात वाढण्यामागे संख्या वाढली हे साधं कारणही आहे, आणि कौशल्यानं सगळे अपघात टळतात असा माझा दावा नाही. जुन्या बांधणीच्या एपातही मुलं मेली आहेत. पण बांधणीची मेहनत ही स्वतःच एक गाळणी होती, आणि ती काढून घेतल्यावर काय होईल याचा अंदाज नियम करणाऱ्यांना आला नाही, हे मात्र स्पष्ट दिसतं. 2023 मध्ये सरकारला पुन्हा नियम आवळावे लागले. सीटबेल्ट सक्तीचे झाले, बेल्ट असलेल्या सीटवर बसेल तोच प्रवासी, आणि हिवाळी टायरही आले. हे नियम योग्यच आहेत. ते फार उशिरा आले.

तिसरा आक्षेप शहरातून येतो. ही सरळ सरळ पळवाट आहे, तिला संस्कृतीचा मुलामा कशाला? मूळचं शेतीचं वाहन, आता त्यात कुणी नांगर ओढत नाही, नुसत्या गाण्यांच्या भिंती आणि आरशाला लटकवलेली सुगंधी झाडं. पळवाट आहे, हे मान्य. पण ती कुणासाठी आहे? स्वीडनचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट आणि लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, तीही बहुतेक दक्षिणेत आणि शहरांत. आतल्या भागात शाळा दूर, मित्र दूर, संध्याकाळनंतर बस नाही आणि हिवाळ्यात दुपारीच अंधार. स्टॉकहोमच्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे मेट्रो आहे. हेल्सिंगलंडातल्या मुलीकडे बापाचा मोकळा वेळ आहे किंवा एपा आहे. अलीकडे मुलींचा या गाड्यांतला वाटा झपाट्यानं वाढला, तो यामुळेच. राजधानीतून जेव्हा ‘बंदी घाला’ असा सूर निघतो तेव्हा खेड्याला त्यात वाहतुकीपेक्षा तुच्छता जास्त ऐकू येते, आणि 1975 चा विरोधही त्यातूनच उसळला होता.

आपल्याकडच्या वाचकाला हा कायदा बराच सैल वाटेल. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते अधिक ठामपणे सांगितलं. आपल्या रस्त्यांवरची गर्दी पाहता पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती अशी गाडी देण्याचा प्रश्नच येत नाही. पण बदल करायचा तर कसा, कोण तपासणार, कोणत्या मापात, याची लिखित वाट असणं आणि ती नसणं यात फरक आहे. ती नसली की बदल थांबत नाहीत, फक्त तपासणीबाहेर जातात. उत्तर भारतातल्या पंपाच्या इंजिनवर चालणाऱ्या जुगाड गाड्या हा त्याचा पुरावा आहे. स्वीडनची वाट सदोष आहे, तरी तिच्या टोकाला तपासणी केंद्र आहे.

पेट्रोलचा धूर हा शेवटचा मुद्दा उरतो. जुनं इंजिन, कमी गिअर, आवश्यकतेपेक्षा जास्त फेरे. हवामानाच्या हिशेबात एपाची बाजू लंगडी आहे आणि मी ती सावरत बसणार नाही. पुढच्या नियमांत एक गोष्ट मात्र यावी असं वाटतं. वेग रोखण्याचं काम पुन्हा यंत्रानं, गिअरच्या दातांनी व्हावं, सॉफ्टवेअरनं नव्हे. मग इंजिन पेट्रोलचं असो वा भंगारातल्या विजेच्या गाडीतून काढलेली मोटर असो. विजेच्या मोटरलाही गती कमी करणारा गिअर लागतोच, आणि तो बसवायचा तर शाफ्ट मोजावा लागेल, कापावा लागेल, समतोल साधावा लागेल, आणि गाडी पासिंगला न्यावी लागेल.