चौकटीतील बारा अंक

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या लहानशा गावी देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक वितरित करण्यात आले. ज्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ते दिले, त्याचे तंत्रज्ञान-केंद्र बेंगळुरू येथे आहे. प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष नंदन निलेकणी हेही बेंगळुरूचेच. १९८१ साली पुण्यात स्थापन होऊन पुढे त्या नगरीत स्थिरावलेल्या इन्फोसिस कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. २०१६ साली अशा क्रमांकांची संख्या १०० कोटींवर गेली.

क्रमांक मिळतो एकदाच. तो लिहावा मात्र वारंवार लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा निवृत्तिवेतनाचा, संगणकाच्या पडद्यावर एक रिकामी चौकट दिसते आणि तीत १२ अंक भरावयाचे असतात. बोट घसरून एखादा अंक चुकला, तर त्याचा पत्ता अर्ज पाठविण्यापूर्वीच लागला पाहिजे. अन्यथा दोष महिन्याभराने कळतो आणि खेटे अर्जदारास घालावे लागतात. हा पत्ता लावण्याचे काम ब्राउझरमध्ये चालणारी एक छोटीशी आज्ञावली करते. ती चौकटीपर्यंत पोहोचते कशी, हे समजून घेणे उद्‌बोधक आहे.

अशा आज्ञावल्या लिहिण्याची ‘जावास्क्रिप्ट’ ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइख ह्यांनी रचली. ब्राउझर एखादे पान उघडतो तेव्हा तो त्यातील सर्व घटकांची एक वंशावळच आपल्या स्मृतीत मांडतो. तिच्या मुळाशी ‘डॉक्युमेंट’, त्याच्या पोटी अर्ज, आणि प्रत्येक अर्जाच्या पोटी त्याच्या चौकटी, खुणेची घरे, पर्यायांच्या याद्या आणि कळा. टपाल कचेरीतील खणांप्रमाणे प्रत्येक घटकास त्याचे स्थान असते, आणि बहुधा नावही असते. आज्ञावलीस ‘पहिल्या अर्जातील चौथा घटक’ असे सांगून चौकट गाठता येते. किंवा ‘आधार नावाची चौकट’ असे सांगूनही गाठता येते. पहिली रीत धोक्याची होय. अर्जात उद्या एक नवी चौकट मध्येच घातली, की चौथा घटक पाचवा होतो आणि आज्ञावली भलत्याच चौकटीची तपासणी करू लागते. नाव मात्र स्थान बदलले तरी बदलत नाही.

चौकट सापडल्यावर तिच्यातील मजकूर ‘व्हॅल्यू’ ह्या गुणधर्मातून वाचता येतो. येथे नवशिका हमखास फसतो. चौकटीतून जे हाती येते ती संख्या नसते. ती अक्षरांची माळ असते. एका चौकटीत २०० आणि दुसरीत ५० असताना आज्ञावलीने त्यांची थेट बेरीज केली, तर उत्तर २५० येत नाही. दोन्ही माळा एकमेकींस जोडल्या जाऊन २००५० असे येते. खुणेच्या घराची तऱ्हा आणखी निराळी. खूण केलेली असो वा नसो, त्याचे ‘व्हॅल्यू’ तेच राहते. खूण आहे की नाही हे जाणण्यास ‘चेक्ड’ हा वेगळा गुणधर्म पाहावा लागतो.

ह्या अक्षरमाळेमुळेच मराठी अर्जदारास एक विशेष अडचण येते. ज्याच्या कळफलकातून देवनागरी अंक उमटतात, त्याने आपला क्रमांक अचूक लिहिला तरी पुष्कळशा आज्ञावल्या तो नाकारतात. जावास्क्रिप्टला इंग्रजी आकडे तेवढे अंक म्हणून ठाऊक असतात. देवनागरी अंकांचे संख्येत रूपांतर करावयास सांगितल्यास ती ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. वस्तुतः उपाय अगदी सोपा आहे. युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६ आहे. पुढील अंक दोन्हींकडे ओळीने येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या संकेतातून २३५८ वजा केले, की त्याच मोलाचा इंग्रजी अंक मिळतो.

दुसरी अडचण मोकळ्या जागांची. आधारपत्रावर क्रमांक चार-चार अंकांच्या तीन गटांत छापलेला असतो. अर्जदार तो तसाच लिहू लागला आणि चौकटीस १२ अक्षरांचीच मर्यादा घातलेली असली, तर दोन मोकळ्या जागा दोन अंकांचे स्थान घेतात आणि शेवटचे दोन अंक चौकटीत मावतच नाहीत. जाणता रचनाकार मर्यादा सैल ठेवतो आणि मोकळ्या जागा आज्ञावलीकडून गाळून घेतो.

आता खरी तपासणी. क्रमांकाचे पहिले ११ अंक ओळखीचे, बारावा पडताळ्याचा. तो पहिल्या अकरांवरून ठरतो. नुसत्या बेरजेने हे काम भागले नसते; कारण २७ च्या जागी ७२ लिहिले तरी बेरीज ९ च राहते. म्हणून येथे डच गणिती याकोबुस व्हेरहॉफ ह्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेली रीत वापरली आहे. नियमित पंचकोन स्वतःवरच तंतोतंत बसेल असा फिरविण्याच्या पाच आणि उलटविण्याच्या पाच, अशा १० क्रिया होतात. प्रत्येक अंकास त्यांपैकी एक क्रिया नेमून दिली आहे. आधी फिरवून मग उलटविणे आणि आधी उलटवून मग फिरविणे ह्यांचे फळ एक नसते. शिवाय प्रत्येक अंक त्याच्या स्थानानुसार आधी बदलून घेतला जातो. त्यामुळे एखादा अंक चुकला, अथवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ती चूक निरपवादपणे उघडकीस येते.

तथापि ह्या पहारेकऱ्यावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. वाटेल तसे लिहिलेल्या दहा क्रमांकांपैकी सरासरी एक ह्या कसोटीस उतरतोच. आणि क्रमांक अर्जदाराचाच आहे, हे तर ती मुळीच सांगत नाही. शिवाय ब्राउझरमधील आज्ञावली वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालते. ती बंद करता येते, टाळताही येते. म्हणून अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकाने तीच तपासणी पुन्हा करणे अनिवार्य ठरते.

तर मग ब्राउझरमधील तपासणीचे प्रयोजन काय? ती अर्जदाराच्या सोयीसाठी असते. नेमकी कोणती चौकट चुकली हे दाखविणे, तेथेच लेखनचिन्ह नेऊन ठेवणे, चुकीचे कारण त्याच्याच भाषेत सांगणे आणि बाकीचे लिखाण न पुसणे, एवढे तिने केले, की तिचे काम झाले. अर्जदाराने अंक देवनागरीत लिहिले, ही त्याची चूक नव्हे. ते वाचता न येणे ही आज्ञावलीची उणीव होय, आणि ती दूर करण्यास एका वजाबाकीहून अधिक काही लागत नाही.