ग्रुपमध्ये मेसेजचा पूर आला तर? बॉटला बसवा पहाऱ्यावर!



गेल्या दिवाळीत आमच्या टेलिग्राम ग्रुपमध्ये रात्री एक अनोळखी सदस्य शिरला आणि 'घरबसल्या कमवा'चे पाठोपाठ चाळीस मेसेज टाकून गेला. सकाळी बघतो तर कामाचे प्रश्न वर कुठेतरी गाडले गेलेले, आणि काही मंडळी ग्रुप सोडून गेलेली. ग्राहकांचा ग्रुप म्हणजे आपलं दुकानच. दारात कोणी आरडाओरडा करत बसलं तर गिऱ्हाईक आत येईल का?

या प्रकाराला फ्लडिंग म्हणतात. दुखणं जुनंच आहे. 1988 साली सुरू झालेल्या आयआरसी चॅटमध्येही ते होतं. त्याच्या 1993 च्या नियमावलीतला उपाय साधा होता: प्रत्येक मेसेजमागे 2 सेकंदांचा दंड, आणि साठलेला दंड 10 सेकंदांवर गेला की पुढचे मेसेज थांबवून ठेवायचे. आपण याच धर्तीवर काम करू.

स्क्रिप्टच्या आधी

ग्रुप सेटिंगमध्ये 'स्लो मोड' आहे. त्यात प्रत्येक सदस्याला दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून 1 तासापर्यंत थांबावं लागतं. फुकट आहे, कोडिंग नाही. पण तो चांगल्या ग्राहकालाही तेवढंच थांबवतो. म्हणून बॉट हवा.

टेलिग्रामवर 'बॉटफादर'कडून बॉट तयार करा. मिळालेलं टोकन म्हणजे दुकानाची किल्ली, कोणालाही दाखवू नका. मग बॉटला ग्रुपचा ॲडमिन करून मेसेज काढण्याचा आणि सदस्यांवर बंदी घालण्याचा अधिकार द्या.

स्क्रिप्टचा मेंदू

समजा नियम ठरवला: 10 सेकंदांत जास्तीत जास्त 5 मेसेज.

1. प्रत्येक सदस्यासाठी वेळांची एक वही ठेवा.
2. मेसेज आला की त्याची वेळ लिहा.
3. 10 सेकंदांपेक्षा जुन्या नोंदी खोडा.
4. उरलेल्या नोंदी मोजा. 5 पेक्षा जास्त झाल्या तर मेसेज काढा आणि त्या सदस्याला 10 मिनिटं गप्प करा.

जुन्या नोंदी खोडत का राहायचं? दर 10 सेकंदांनी सरळ शून्यापासून मोजलं तर कोणी नवव्या सेकंदाला 5 आणि अकराव्या सेकंदाला 5 मेसेज टाकून सहज निसटेल. सरकत्या मोजणीत तो सापडतो.

माझ्या हातून झालेल्या चुका

*अल्बम:* एका ताईंनी आपल्या पणत्यांचे 8 फोटो एकत्र पाठवले आणि बॉटने त्यांनाच गप्प केलं! कारण अल्बममधला प्रत्येक फोटो बॉटकडे वेगळा मेसेज म्हणून येतो. पण सगळ्यांवर एकच अल्बम क्रमांक असतो. तो तपासा आणि अख्खा अल्बम एकच मोजा.

*बंद पडलेला बॉट:* बॉट बंद असताना आलेले मेसेज टेलिग्राम 24 तासांपर्यंत राखून ठेवतं. चालू केला की ते एकदम येतात, आणि सगळेच गुन्हेगार दिसतात. म्हणून मेसेज पोहोचल्याची नाही, तर मेसेजवर छापलेली वेळ धरा.

*छोटी शिक्षा:* गप्प करण्याची मुदत 30 सेकंदांपेक्षा कमी दिली तर टेलिग्राम ती कायमची धरतं! 20 सेकंदांची शिक्षा जन्मठेप होते. किमान 1 मिनिट द्या.

*बडबड्या बॉट:* काढलेल्या प्रत्येक मेसेजला बॉट इशारा देत बसला तर पूर तोच आणतो. एका माणसाला एकच इशारा.

सुरुवात कशी कराल?

पहिला आठवडा बॉटला काहीही काढू देऊ नका. 'याला मी थांबवलं असतं' एवढीच नोंद ठेवायला सांगा. रोज रात्री ती यादी वाचा. त्यात तुमचे खरे ग्राहक दिसले तर मर्यादा वाढवा. आठवडाभर एकही चुकीचं नाव आलं नाही, की मगच अधिकार चालू करा.

आमच्या त्या ताईंची मी फोन करून माफी मागितली. त्या हसल्या आणि परत आल्या. प्रत्येक गिऱ्हाईक तसं परत येईलच असं नाही. म्हणून पहारेकरी ठेवा, पण आधी त्याला घरची माणसं ओळखायला शिकवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!