एक कर्जदार, अनेक स्कोअर

‘माझा स्कोअर ७६० आहे’ असे कोणी सांगतो तेव्हा तो आकडा रक्तगटासारखा आपल्याला कायमचा लाभला आहे, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात क्रेडिट स्कोअर तीन गोष्टींवर ठरतो: नोंद कोणत्या संस्थेकडची, कोणत्या तारखेची आणि ती कोणत्या सूत्रातून काढलेली. पहिल्या दोहोंविषयी आता बरेच बोलले जाते. तिसरी गोष्ट, म्हणजे सूत्राची आवृत्ती, बहुतेकांच्या गावीही नसते. एकाच दिवशी एकाच माणसाचे अनेक स्कोअर असू शकतात आणि ते सगळेच आपापल्या हिशेबाने बरोबर असतात. हे उमगले की आकड्याचा पाठलाग सुटतो आणि लक्ष जिथे हवे तिथे, म्हणजे मूळ नोंदीकडे वळते.

आवृत्त्यांचा हा पसारा सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत. बिल फेअर हे अभियंते आणि अर्ल आयझॅक हे गणितज्ञ यांनी १९५६ साली काढलेल्या कंपनीने १९८९ मध्ये सर्व प्रकारच्या कर्जांसाठी चालेल असा स्कोअर आणला. तोच फायको. एखादा कर्जदार पुढच्या दोन वर्षांत हप्ता ९० दिवस वा अधिक थकवील याची शक्यता किती, हे तो ३०० ते ८५० या पट्टीवर सांगतो. परतफेडीच्या इतिहासाला साधारण ३५ टक्के, अंगावरच्या कर्जाच्या रकमांना ३०, खात्यांच्या वयाला १५ आणि नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के, ही त्याची ढोबळ वाटणी प्रसिद्ध आहे. पण ती वाटणी पाठ केली म्हणजे फायको समजला असे नाही. २००९ मध्ये फायको ८ आला, २०१४ मध्ये ९, तर २०२० मध्ये १० आणि १० टी जाहीर झाले. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी बाद झाली नाही. वाहनकर्ज आणि क्रेडिट कार्ड यांसाठीचे वेगळे फायको २५० ते ९०० या पट्टीवर चालतात. त्यात इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन संस्थांनी मिळून २००६ साली व्हँटेजस्कोअर हा प्रतिस्पर्धी उभा केला. त्याची पट्टी आधी ५०१ ते ९९० होती. २०१३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तीही ३०० ते ८५० झाली. पट्ट्या सारख्या दिसू लागल्या, पण सूत्रे वेगळीच राहिली.

या आवृत्त्यांमधला फरक निव्वळ गणिती बारकाव्यांचा नाही. कोणती चूक माफ करायची आणि कोणती सवय जमेस धरायची, याविषयीची मते त्यात दडलेली असतात. वसुली एजन्सीकडे गेलेले जुने बिल कर्जदाराने नंतर चुकते केले, तर फायको ९ ते हिशेबात धरत नाही. फायको ८ मात्र मूळ रक्कम १०० डॉलरच्या आतली असेल तरच दुर्लक्ष करतो. म्हणजे तेच बिल भरून एका आवृत्तीत माणूस निर्दोष ठरतो आणि दुसरीत डाग तसाच राहतो. दुसरे उदाहरण कार्डाच्या वापराचे. फायको ८ त्या घडीची देणे असलेली रक्कम आणि मर्यादा यांचे प्रमाण पाहतो. १० टी आणि २०१७ चा व्हँटेजस्कोअर ४.० मागच्या अनेक महिन्यांचा कल पाहतात, त्यामुळे दरमहा पूर्ण बिल भरणारा आणि दरमहा थोडे थोडे कर्ज वाढवत नेणारा, हे दोघे त्यांना वेगळे दिसू शकतात. तिसरे उदाहरण नवख्यांचे. फायकोला किमान एक खाते सहा महिने जुने लागते, तर व्हँटेजस्कोअर त्याहून बऱ्याच कमी इतिहासावरही आकडा देतो. पुण्याहून न्यू जर्सीला नोकरीसाठी गेलेल्या इंजिनिअरचा भारतातला स्कोअर सहसा तिथे उपयोगी पडत नाही. पहिले कार्ड घेतल्यावर काही महिन्यांनी एका सूत्राच्या लेखी त्याला पत असते आणि दुसऱ्याच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो.

मग सर्वांनी सरळ नवी आवृत्ती का वापरू नये? कारण स्कोअर ही बँकेच्या यंत्रणेतली सुटी वस्तू नसते. व्याजदर, मंजुरीची मर्यादा, पुढे विकल्या जाणाऱ्या कर्जांची किंमत, सगळे त्या सूत्राशी बांधलेले असते. एका आवृत्तीतले ७०० आणि दुसरीतले ७०० सारख्याच जोखमीचे असतील याची हमी नसते, म्हणून आवृत्ती बदलली की सगळे कोष्टक पुन्हा मांडावे लागते. अमेरिकेतील गृहकर्जांचा मोठा भाग विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांनी १९९५ मध्ये फायकोचा पुरस्कार केला. फायको ८ आणि ९ येऊनही गृहकर्जाचा व्यवहार वर्षानुवर्षे फायको २, ४ आणि ५ या जुन्या आवृत्त्यांवरच चालला: नोंदी ठेवणाऱ्या तीन संस्थांचे तीन आकडे काढायचे आणि मधला धरायचा. २०२२ मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांच्या नियामकाने १० टी आणि व्हँटेजस्कोअर ४.० यांना मान्यता दिली आणि २०२५ मध्ये व्हँटेजस्कोअर ४.० वापरण्याची मुभा जाहीर केली. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत कर्जदारानेही मोजली आहे: मोबाइलवर एक आकडा पाहून निश्चिंत झालेल्या माणसाला घर घेताना दुसराच आकडा लावला जातो.

यावर कोणी म्हणेल, इतके आकडे असतील तर हा सगळा प्रकारच बेभरवशाचा. तसे म्हणणे घाईचे होईल. हप्ते वेळेवर भरणारा आणि सतत थकवणारा यांचा क्रम सहसा कोणतीही आवृत्ती उलटा लावत नाही. मतभेद होतात ते मधल्या पट्ट्यात आणि तुटपुंज्या इतिहासाच्या लोकांत. अडचण अशी की मंजुरी आणि व्याजदर ठरवणाऱ्या रेषाही बहुधा त्याच मधल्या पट्ट्यातून जातात. म्हणून काही गुणांचा फरक अर्थशून्य असूनही महाग पडू शकतो.

आपल्याकडे ‘सिबिल किती?’ असे सरसकट विचारले जाते. सिबिलची स्थापना २००० सालची. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार परवानाधारक संस्था आहेत. पट्टी ३०० ते ९०० हीच, पण सूत्र ज्याचे त्याचे. सिबिलच्या स्वतःच्याही आवृत्त्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीत सहा महिन्यांहून कमी इतिहास असणाऱ्यांना १ ते ५ असा निर्देशांक मिळतो आणि इतरांचा आकडा पहिल्या आवृत्तीपेक्षा थोडा कमी दिसू शकतो. अशा वेळी घसरते ती पत नव्हे, मोजण्याची रीत बदललेली असते. शिवाय अनेक बँका या आकड्यावर स्वतःचे निकषही लावतात. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. त्यामुळे ७५० ही काही कायद्याची रेषा नव्हे.

यातून कर्जदाराने घ्यायचे ते साधे आहे. सूत्र आपल्या हाती नाही, नोंद मात्र तपासता येते. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवणे बंधनकारक झाले. चूक दाखवून ३० दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. न फेडलेले म्हणून दिसणारे फेडलेले कर्ज कोणत्याही आवृत्तीत नुकसानच करते. आणि कर्ज नाकारताना ‘स्कोअर कमी आहे’ एवढेच सांगितले गेले तर तेवढ्यावर थांबू नये. अमेरिकेत स्कोअरच्या आधारे अर्ज नाकारला तर तो आकडा, त्याची पट्टी, तारीख, देणारी संस्था आणि मुख्य कारणे कळवावी लागतात. आपल्या बँकेलाही हेच विचारावे, आणि सोबत सूत्राची आवृत्ती कोणती तेही. आकड्यावरून माणसाचे व्याज ठरत असेल, तर तो आकडा नेमका कोणता हे जाणण्याचा हक्कही त्या माणसाला असला पाहिजे.