पिशवी साफ झाली, म्हणजे द्राक्षगर्भ संपला?

‘पिशवी साफ झाली, पाळीही आली. मग दर आठवड्याला रक्त कशाला द्यायचं?’ द्राक्षगर्भ झालेल्या बाईच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो, आणि तो ऐकून संताप येतो. त्या बाईचा नव्हे. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलोअप’ एवढा एकच शब्द लिहून तिची बोळवण करणाऱ्यांचा.

द्राक्षगर्भात वारेच्या पेशी बेसुमार वाढतात आणि वारेचे तंतू पाण्याने भरून द्राक्षांच्या घडासारखे फुगतात. सक्शनने हे घड निघतात. पण काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून बसलेल्या असू शकतात. द्राक्षगर्भ पूर्ण किंवा अर्धवट असतो. पूर्ण द्राक्षगर्भानंतर शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस जणींमध्ये त्या पुन्हा वाढू लागतात. पाळी आली म्हणून त्या गेल्या असं होत नाही. त्यांचा माग लागतो तो त्या तयार करत असलेल्या एचसीजी या हार्मोनवरून, आणि ते रक्तात मोजावं लागतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: पातळी नॉर्मल होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी तपासणी, त्यानंतर पूर्ण द्राक्षगर्भ असेल तर सहा महिने दरमहा, अर्धवट असेल तर महिन्याने आणखी एकदा. या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण नव्या गर्भाचं एचसीजीही तेच. मग वाढलेला आकडा कशाचा, हे कळणार कसं? गर्भनिरोधक गोळ्या चालतात, कॉपर टी मात्र पातळी उतरल्यावरच.

डोळ्यांना दिसणारं गेलं म्हणजे आजार संपला का, हाच वाद 1956 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाला होता. मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींच्या कॅन्सरवर मेथोट्रेक्सेट दिलं. एक्स-रेवरच्या गाठी दिसेनाशा झाल्या, तरी लींनी औषध थांबवलं नाही. हार्मोन शून्यावर येईपर्यंत डोस चालू ठेवले. त्या हट्टापायी त्यांची नोकरी गेली. पुढे उघड झालं की शून्य गाठलेल्या बायका बऱ्या राहिल्या, अर्ध्यावर औषध थांबलेल्यांचा आजार उलटला. 1972 साली लींना लास्कर पुरस्कार मिळाला.

‘म्हणजे कॅन्सरच!’ नाही. बहुतेकींना सक्शननंतर कुठलंही औषध लागत नाही. लागलंच, तर कमी जोखमीच्या गटात जवळजवळ सगळ्याच बऱ्या होतात, तेही सहसा गर्भाशय न काढता.

‘आता मूल होणार नाही.’ होतं. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. वारंवार होत असेल तर एनएलआरपी7 या जनुकाची तपासणी करावी.

‘तिनेच काहीतरी खाल्लं असेल.’ हे ऐकवणाऱ्या सासूबाईंना 1977 चा काजी आणि ओहामा यांचा शोध सांगायला हवा: पूर्ण द्राक्षगर्भातली पेशीकेंद्रातली गुणसूत्रं बापाकडून आलेली असतात. तरी बापाचाही दोष नाही. फलनाच्या क्षणी झालेली ती गडबड असते.

‘सोनोग्राफीत सगळं दिसतं.’ अर्धवट द्राक्षगर्भ बऱ्याचदा साध्या गर्भपातासारखाच दिसतो. म्हणून पिशवी साफ करताना निघालेला भाग पॅथॉलॉजीकडे पाठवला का, हे डिस्चार्जच्या आधीच विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या.