बंदुकीने उठवलेल्यांचा दाखला

घरातून उठवल्या गेलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, पूरग्रस्त. हे शब्द नुसते बोलण्यात नाहीत, कचेरीतही आहेत. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्ताला दाखला मिळतो आणि त्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. भूकंपग्रस्ताला २ टक्के. १९७६ साली राज्याने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तो दाखला मिळवताना चपला झिजतात, हे खरेच. पण खिडकीपाशी उभे राहून मागावे असे काहीतरी तिथे आहे. गाव धरणाने बुडाले नाही, बंदुकीने उठले, तर काय मागायचे?

असे गाव सोडावे लागलेल्या माणसाने देशाची सीमा ओलांडली असती तर तो निर्वासित झाला असता. त्याने ती ओलांडलेली नाही. तो कालही या देशाचा नागरिक होता, आजही आहे. फक्त घरी जाऊ शकत नाही. अशांना ‘अंतर्गत विस्थापित’ म्हणायचे, हे जगाने तसे उशिराच ठरवले. सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ३० मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. ती कुणावर बंधनकारक नाहीत. कोलंबियाने मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, यादवी चालू असताना, विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये कंपाला इथे बंधनकारक करार केला. आपल्याकडे २०१३ चा केंद्रीय कायदा आहे, पण तो भूसंपादनाने उठलेल्यांसाठी. संघर्षाने उठलेल्यांसाठी राष्ट्रीय कायदा नाही. आहे ते ‘पॅकेज’.

पॅकेजचा कारभार कसा चालतो, ते ब्रू या आदिवासी जमातीकडे पाहून कळते. ऑक्टोबर १९९७ मध्ये मिझोरममधल्या वांशिक हिंसेनंतर ३० हजारांहून अधिक ब्रू शेजारच्या त्रिपुरात, कांचनपूर भागात पळून आले. बांबूच्या झोपड्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्या या भारतीयांना वर्तमानपत्रे बिनदिक्कत ‘रेफ्युजी’ म्हणत राहिली. सरकारी मदतीचा दर ठरलेला होता : मोठ्या माणसाला रोज ६०० ग्रॅम तांदूळ आणि ५ रुपये, लहानाला निम्मे. २०१९ मध्येही ५ रुपयेच. डाळ, मीठ, तेल, औषध, वही, सगळे त्यात. म्हणजे घरोघरी तांदळातलाच काही भाग विकून बाकीचे भागवायचे. नाव मिझोरमच्या मतदारयादीत, शिधा त्रिपुराचा.

हा दर इतका काटकसरी का, याचे उत्तर धोरणातच आहे. सरकारच्या लेखी हे लोक परत जाणार होते, आणि परत जाणाऱ्याला शाळा, जमीन, पक्के घर कशाला द्यायचे? उलट छावणी सुखाची झाली तर ते जाणारच नाहीत, अशी भीती. परतीच्या फेऱ्या ठरल्या, फसल्या, पुन्हा ठरल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर परत जावे म्हणून शिधाच बंद केला गेला. लोकांनी रस्ता अडवला तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. उपाशी ठेवून घरी पाठवणे याला ‘ऐच्छिक परतावा’ म्हणण्याची हिंमत फक्त सरकारी टिपणीतच असते.

मग १६ जानेवारी २०२० रोजी केंद्र, त्रिपुरा, मिझोरम आणि ब्रू संघटना यांच्यात करार झाला. सुमारे ३४ हजार लोकांना त्रिपुरातच वसवायचे, ६०० कोटींचा खर्च, प्रत्येक कुटुंबाला १२०० चौरस फुटांचा भूखंड, ४ लाखांची मुदत ठेव, घर बांधायला दीड लाख, दोन वर्षे महिना ५ हजार आणि मोफत शिधा. चांगला करार आहे. पण यातली एकही गोष्ट अशी नाही जी आधी देता आली नसती. १९९७ मध्ये छावणीत जन्मलेले मूल तोवर बावीस वर्षांचे झाले होते.

दहशतीमुळे काश्मीर खोरे सोडावे लागलेल्या पंडितांची नोंद सरकार दफ्तरी ‘मायग्रंट’ अशी आहे, जणू कामधंद्यासाठी गाव सोडले. त्यांच्या संघटनांचा या शब्दावर जुना आक्षेप आहे. तरीही त्यांच्यासाठी स्वतंत्र मदत आयुक्तालय आहे, माणशी ३,२५० आणि कुटुंबाला कमाल १३ हजार रुपये महिना आहे, जम्मूजवळ जगतीची वसाहत आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्या मुलांसाठी जादा जागाही आहेत. दुःखाची तुलना करायची नाही. पण एकाच देशात, एकाच प्रकारच्या संकटाला इतके वेगळे दर लागतात ते कायदा नाही म्हणून. कायद्याच्या जागी राजकीय वजन बोलते.

मे २०२३ नंतर मणिपुरातल्या वांशिक हिंसेत सुमारे ६० हजार लोक घरांबाहेर फेकले गेले. तिथे मदत आणि पुनर्वसनावर नजर ठेवायला सर्वोच्च न्यायालयाला तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी त्यात आहेत. छावणीतल्या लोकांची आधार कार्डे घराबरोबर जळाली होती. ती पुन्हा द्या, हे सांगायलाही न्यायालयच लागले.

ज्यांच्यासाठी पॅकेजही नाही, ते आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे आहेत. २००५ च्या जूनमध्ये छत्तीसगडच्या बस्तरमध्ये सलवा जुडूम ही सरकारच्या पाठिंब्याची माओवादविरोधी मोहीम सुरू झाली. गावे रिकामी झाली. काही लोक दोर्नापाल, एर्राबोर अशा रस्त्याकाठच्या छावण्यांत आणले गेले. हजारो लोक जंगलातून गोदावरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या आंध्रात आणि आजच्या तेलंगणात उतरले. जुडूममधल्या विशेष पोलिसांना शस्त्रे देणे घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ५ जुलै २०११ चा. पळालेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला. छत्तीसगडमध्ये ते अनुसूचित जमातीचे. नदीपलीकडे त्यांना ‘गुत्ती कोया’ म्हणतात, आणि तिथे त्यांना जमातीचा दाखला मिळत नाही. राखीव जंगलात पोडू म्हणजे फिरती शेती करून ते पोट भरतात, वनखाते झोपड्या मोडते, पावसाळ्यानंतर त्या पुन्हा उभ्या राहतात.

त्यांच्या कामी येईल असे एक कलम वनहक्क कायद्यात आहे, ३(१)(ड) : बेकायदा हुसकावलेल्यांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क. मात्र एक अट अशी की हुसकावणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे हवे. जुडूम त्या तारखेआधी सहा महिने सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षे चालू राहिले. म्हणजे २००५ च्या दिवाळीत पळालेला कलमात बसतो, २००६ च्या होळीला पळालेला बसत नाही. आणि दिवाळीत पळालेल्याने दिवाळीतच पळालो, हे दाखवायचे कसे? ज्या गावाने ते सांगितले असते, ते गावही त्याच रात्री पळाले होते.