मोटारीच्या पोलादाचा हिशेब आणि सुरजागडचा डोंगर

मोटारीच्या प्रदूषणाचा विचार आता तिच्या धुरापुरता राहिलेला नाही. गाडी रस्त्यावर येण्याआधी तिच्या सुट्या भागांसाठी किती कोळसा जळला, याचीही मोजदाद होऊ लागली आहे, आणि एका गाडीत सरासरी ९०० किलो पोलाद असल्यामुळे ही मोजदाद पोलादाच्या भट्टीपर्यंत आणि तिथून लोहखनिजाच्या खाणीपर्यंत जाऊन पोहोचते. महाराष्ट्रातील अशी सर्वांत मोठी खाण गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर आहे.

लॉईड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये या डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला; नक्षलवाद्यांचा विरोध आणि २०१६ च्या डिसेंबरात झालेली वाहनांची जाळपोळ यांमुळे काम वारंवार थांबले, पण २०२१ पासून उत्खनन सलग सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. खनिजातला ऑक्सिजन कोळशाने काढून टाकल्यावर सच्छिद्र लोखंड, म्हणजे स्पंज आयर्न, हाती येते आणि ते वितळवून पुढे पोलाद होते. हा कोळसाच उत्सर्जनाचे मूळ आहे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर जगाची सरासरी दोन टनांहून थोडी कमी आहे.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न एका देशाच्या हद्दीत पुरे होणारे नाहीत, कारण पुण्या-चाकणमध्ये घडलेले सुटे भाग जर्मनीतील गाडीत बसतात आणि तिथल्या कारखानदाराला विकत घेतलेल्या मालामागचे उत्सर्जनही आपल्या खात्यावर मांडावे लागते. म्हणूनच भारत आणि स्वीडन यांनी २०१९ मध्ये अवजड उद्योगांच्या हरित संक्रमणासाठी ‘लीडआयटी’ हा देशांचा आणि कंपन्यांचा गट उभा केला, तर जर्मन मोटार उद्योगाने ‘कॅटेना-एक्स’ ही पुरवठादारांमध्ये कार्बनची माहिती फिरवणारी व्यवस्था सुरू केली. युरोपीय संघाने त्याला करासारखी धार दिली: पोलाद, अॅल्युमिनियम यांसारख्या आयात मालामागचे उत्सर्जन मोजून त्यावर आकार बसवण्याची योजना ऑक्टोबर २०२३ पासून माहिती गोळा करण्यापुरती होती, ती २०२६ पासून पैशाच्या हिशेबात आली असून नटबोल्टही तिच्यातून सुटलेले नाहीत. भारतानेही डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली, टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित, आणि १.६ टनांखाली असेल तर पंचतारांकित.

या दोन्ही मोजमापांची हद्द कुठे सुरू होते, हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. भारतीय व्याख्येत खनिजाची शुद्धी आणि गोळ्या, म्हणजे पेलेट, तयार करण्याची प्रक्रिया धरलेली आहे, पण उत्खनन आणि वाहतूक स्पष्टपणे वगळलेली आहेत. युरोपीय योजनेतही पेलेटपासून पुढचे उत्सर्जन मोजतात आणि कच्चे खनिज शून्य धरतात. एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यावरून वर्षानुवर्षे धावलेल्या खनिजाच्या ट्रकांचा धूर, त्यांनी उडवलेली धूळ आणि उखडलेला रस्ता यांपैकी काहीच या तराजूत पडत नाही. जुलै २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या पेलेट कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. तिच्यातून खनिजाची पूड पाण्यात कालवून वाहून नेतात आणि त्यामुळे ट्रकांची गरज कमी होते. ही सुधारणा रस्त्याकाठच्या गावांसाठी खरोखर मोलाची आहे, आणि तरी पोलादाच्या ताऱ्यांमध्ये तिची नोंद होत नाही. त्याच न्यायाने तोडलेल्या जंगलाचीही होत नाही, आणि ही उणीव कितीतरी अधिक गंभीर आहे.

सुरजागड हे माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचे ठिकाण असून दर जानेवारीत तिथे परिसरातील गावांची यात्रा भरते. सुरजागड इलाक्यातील ग्रामसभांनी खाणीला विरोध करताना देवस्थानाबरोबरच मोहफुले, तेंदूपत्ता आणि बांबू देणाऱ्या वनाचा दाखला दिला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जे अधिकार देतात त्यांना हरित पुरवठा साखळीत स्थान नसेल, तर ते पोलाद केवळ कमी कार्बनचे ठरेल. हरित म्हणण्याइतका त्याचा हिशेब पूर्ण झालेला नसेल.

तसे स्थान देण्याची वाट अस्तित्वात आहे. ‘इर्मा’ या आंतरराष्ट्रीय मानकात त्रयस्थ परीक्षक खाणीवर जाऊन पाहणी करतात आणि तिथल्या आदिवासींनी पूर्वमाहितीच्या आधारे, दबावाविना संमती दिली होती का, हे तपासतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, फोर्ड यांसारख्या कंपन्या या उपक्रमाच्या सदस्य आहेत. गडचिरोलीत त्यासाठी लागणारी माणसेही आहेत, कारण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेल्या मेंढा (लेखा) गावापासून पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः सांभाळत आल्या आहेत. परदेशी खरेदीदाराने भट्टीच्या आकड्यांबरोबर खाणीलगतच्या ग्रामसभेचा ठरावही मागितला, तर तो लिहून देणारे हात तिथे तयार आहेत.